बरं आहे

खंबाटकीची चढण निम्मी झाली होती. मे महिन्यातली दुपार, पुढे सिमेंटच्या गोण्या लादलेला ट्रक आणि त्याच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडणारी आमची रांग. माझी नजर सवयीने मीटरच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे इंजिनाची उष्णता दाखवणारा एक चिमुकला काटा आहे. एका टोकाला 'सी', दुसऱ्या टोकाला 'एच', आणि हा कायम दोघांच्या मध्यावर, किंचित 'सी'कडे कललेला. इतकी वर्षं तो तिथेच होता, म्हणून मी त्याच्याकडे बघत असूनही त्याला पाहत नव्हतो. त्या दिवशी तो 'एच'ला जाऊन टेकला होता.

गाडी १९९७ची. तीन सिलिंडर, कार्ब्युरेटर, एसी नाही. वडिलांनी निवृत्तीनंतर घेतलेली आणि त्यांच्यानंतर माझ्याकडे आलेली. ती विकून टाक असं सगळे सांगतात. मीही 'हो' म्हणतो आणि दर महिन्याला तिच्यातूनच पुण्याहून वाईला आईकडे जातो.

कडेला जागा दिसताच गाडी घेतली, बंद केली आणि बॉनेट उघडलं. वाफेचा लोट येईल म्हणून तोंड बाजूला केलं होतं. लोट आला नाही. फुसफुस नाही, कूलंट सांडल्याचा तो गोडसर वास नाही, खाली थेंब नाही. रेडिएटरचा पंखा थांबलेला होता, पण मी चावीच काढून घेतल्यामुळे त्याच्या थांबण्याला काही अर्थ उरला नव्हता. रुमाल गुंडाळून वरचा होज पाइप चाचपला. गरम होता, पण बोटं झटकून मागे घ्यावीत इतका नाही. दाबला तर दबत होता. रेडिएटरचं झाकण उघडून पाण्याची पातळी बघण्याचा मोह झाला, तो मात्र आवरला. बंद झाकणाखाली पाणी दाबात असतं, त्यामुळे ते शंभर अंशांवरही उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि क्षणात त्याची वाफ होऊन तोंडावर येते. गॅरेजात काम करणाऱ्या एखाद्या तरी माणसाच्या हातावर ही गोष्ट कायमची लिहिलेली असते.

म्हणजे नाक, कान, बोटं असे तीन साक्षीदार सांगत होते की गाडी तापलेली नाही. एकटा काटा सांगत होता की तापली आहे. तरीही मी काट्याचंच ऐकलं. चाळीस मिनिटं झाडाच्या तुकडाभर सावलीत उभा राहिलो. काटा खोटं बोलत असेल आणि मी विश्वास ठेवला, तर चाळीस मिनिटं जातील. तो खरं बोलत असेल आणि मी विश्वास ठेवला नाही, तर इंजिन जाईल. अशा सौद्यात माणूस भित्र्या बाजूला उभा राहतो, आणि त्यात काही चूक नाही. सिलिंडरात पेटणाऱ्या वायूचं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं. त्याच्याभोवती असलेलं अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. या दोन आकड्यांच्या मध्ये उभं असतं ते फक्त फिरतं पाणी. पेट्रोलमधून निघणाऱ्या उष्णतेचा जवळजवळ एक तृतीयांश हिस्सा हे पाणी मुकाट्याने उचलून बाहेर नेऊन टाकतं. ते पाणी कसं आहे याची खबर देणारा काटा एकच. त्याच्यावर संशय घ्यायला धाडस लागतं.

चाळीस मिनिटांनी चावी फिरवली. काटा शहाण्यासारखा खाली होता. सुरूर फाट्याला वळलो आणि वाईत पोचलो तेव्हा अडीच वाजले होते.

"किती उशीर? आमटी तीनदा गरम केली," आई म्हणाली.

"गाडी तापली होती घाटात."

"आणि तू?"

"मी बरा आहे. तू कशी आहेस?"

"मी? बरी आहे."

मराठीतला 'बरं' हा शब्द मला नेहमी त्या काट्यासारखा वाटत आला आहे. तो चांगलं म्हणत नाही, वाईट म्हणत नाही. मध्यावर बसतो. आजाऱ्याला बरं वाटतं, म्हणजे तो पूर्वी होता त्यापेक्षा सुधारला आहे. धंदा बरा चालला आहे, म्हणजे विचारू नका. 'बरं, येतो' म्हटलं की विषय संपतो. आई गेली पाच वर्षं एकटी राहते, आणि रोज संध्याकाळी फोनवर 'बरी आहे' म्हणते. त्या आवाजाचा काटा मी इतक्या वर्षांत 'एच'कडे गेलेला पाहिला नव्हता.

त्या दिवशी दोन गोष्टी दिसल्या, पण त्यांचा अर्थ लागला नाही. माडीवरच्या खोलीत मी बॅग ठेवायला गेलो, तर गादीवर धुळीचा पातळ थर होता. आणि शेजारच्या काकू दारातून जाता जाता म्हणाल्या, "तुमच्या आई हल्ली ढोल्या गणपतीला येत नाहीत आमच्याबरोबर." आईने आतून सांगितलं, "उन्हाचं कोण जातंय?" मलाही ते पटलं. मे महिना होता.

रात्री न्हाणीघरात हात धुताना कोपऱ्यातला जुना तांब्याचा बंब दिसला. आता त्यात कपडे धुण्याची पावडर आणि चिमट्यांचा डबा असतो. लहानपणी हा बंब पेटवायचं काम माझं होतं. मधल्या नळीत वरून गोवऱ्या आणि लाकडाच्या ढलप्या टाकायच्या, खाली निखारा घालायचा, आणि नळीच्या भोवती कोंडलेलं पाणी तापायचं. मध्ये आग, भोवती पाणी, बाहेर धातू. मोटारीच्या इंजिनाची रचना मी पुढे कॉलेजात पुस्तकात पाहिली, तेव्हा मला ती नवी वाटलीच नाही. हे तर आपलं न्हाणीघर, एवढंच मनात आलं होतं.

बंबाला काटा नव्हता. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "बंब बोलायला लागला रे, पाणी काढून घे." पाणी तापू लागलं की आधी बारीक कुजबुज, मग घरघर, आणि उकळायला आलं की पुन्हा जवळजवळ शांतता. त्या शेवटच्या शांततेला आई सर्वात जास्त घाबरायची. "गप्प झाला की जवळ जायचं नाही," असं तिने बजावून ठेवलं होतं.

मोटारीलाही सुरुवातीला काटा नव्हता. इंजिन तापलं की वाफ दिसायची, आणि वाफ दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असायचा. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत बॉइस मोटोमीटर नावाचं उपकरण आलं. रेडिएटरच्या झाकणावरच बसवलेला एक गोल तापमापक. बॉनेटच्या पार पुढच्या टोकाला तो उभा, आणि चालकाने काचेतून त्यातली तांबडी रेष वाचायची. त्याची नळी पाण्यात बुडलेली नसे. ती पाण्याच्या वरच्या वाफेची उष्णता मोजे. हा बारकावा पुढे माझ्या फार उपयोगी पडला. मग हा तापमापक आत, चालकासमोर आला. काही गाड्यांत इंजिनापासून मीटरपर्यंत केसासारखी बारीक नळी यायची. तिच्या टोकाच्या फुग्यात लवकर उडणारा द्रव भरलेला असे. तो तापला की नळीतला दाब वाढे आणि मीटरच्या मागे असलेली वाकडी नळी सरळ होऊ पाहत काटा ढकले. ती वाकडी नळी युजीन बूर्दों या फ्रेंच माणसाची, १८४९ सालची. पुढे ही नळी जाऊन एक साधी विजेची तार आली, आणि तारेबरोबर तारेचे आजार आले.

पुण्याला परतताना काटा दोनदा 'एच'ला गेला, दोनदा आपोआप खाली आला. दुसऱ्या दिवशी घराजवळच्या गॅरेजात गाडी दिली. तिथल्या मुलाने पाच मिनिटांत निकाल दिला, सेन्सर गेला. नाना पेठेतून नवा आणला, बसवला, पैसे घेतले. वर एक सल्ला फुकट दिला. "काका, थर्मोस्टॅटच काढून टाका. गाडी गरमच होणार नाही."

हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं दार. इंजिन गार असताना ते मिटलेलं असतं, त्यामुळे पाणी इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. साधारण ८० अंशांच्या पुढे त्यातलं मेण फुगतं, दार उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे जातं. दार काढून टाकलं की पाणी सदैव गार होत राहतं आणि काटा कायम 'सी'कडे राहतो. मालक खूश. पण इंजिनाला त्याची ऊब कधीच मिळत नाही. पेट्रोल जास्त जळतं, तेल घट्टच राहतं, आतले भाग झिजतात. तक्रार बंद होते, दुखणं दुसरीकडे सरकतं. मी नको म्हणालो, पण सल्ला लक्षात राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाहेर काढण्यासाठी गाडीत बसलो. नुसती चावी फिरवली, इंजिन अजून चालूही केलं नव्हतं, आणि काटा सावकाश उठून 'एच'ला जाऊन बसला.

रात्रभर अंगणात झोपलेली गाडी. बॉनेटवर हात ठेवला तर ते थंडगार. आता मात्र संशयाला जागा नव्हती. खोटं बोलणारा बेसावधपणे वेळेत चुकतो, तसा हा काटा चुकला होता.

आमच्या वडिलांच्या वेळचे एक मिस्त्री आहेत. त्यांनी आता काम बंद केलं आहे असं ते सांगतात, म्हणजे दिवसाला दोनच गाड्या घेतात. त्यांच्याकडे गेलो. सगळी कहाणी ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो भलताच.

"साहेब, पेट्रोलचा काटा बरोबर दाखवतो?"

"हो. पण त्याचा काय संबंध?"

"बऱ्याच जुन्या गाड्यांत दोघांना एकाच ठिकाणाहून करंट मिळतो. दोघंही एकदम खोटं बोलायला लागले, तर त्यांच्यावर नाही, त्यांना शिकवणाऱ्यावर डाउट घ्यायचा. तुमचा एकटाच बोलतोय. म्हणजे याच्याच लाइनीत बघायचं."

मग त्यांनी गाडी चालू करून तशीच उभी ठेवली. काटा 'एच'ला चिकटलेला. मिस्त्री काट्याकडे न बघता बॉनेटशी उभे राहिले, विडी न पेटवता तोंडात धरून. दहाएक मिनिटांनी रेडिएटरचा पंखा खटकन चालू झाला, मिनिटभर फिरला आणि थांबला. थोड्या वेळाने पुन्हा तसंच.

"बघा. पंख्याचा स्विच वेगळा, तुमच्या मीटरचा सेन्सर वेगळा. दोघांचं बोलणं नाही एकमेकांत. पंखा म्हणतोय पाणी तापलं, गार केलं, पुन्हा तापलं, पुन्हा गार केलं. गाडीची तब्येत ठणठणीत आहे."

"म्हणजे तिघांपैकी कुणीतरी, काटा, तार नाहीतर सेन्सर," मी म्हणालो.

"चौघांपैकी. चौथी गाडी. तिला पहिलं विचारायचं असतं. लोक तिला शेवटी विचारतात."

मग त्यांनी सेन्सरवरची तार उपसून काढली. तार मोकळी झाली की मीटरमधून जाणाऱ्या करंटला वाट राहत नाही, आणि काटा 'सी'ला पडायला हवा. तो पडला नाही. सेन्सर जोडलेलाच नव्हता, तरी काटा ठाम 'एच'वर. मिस्त्री हसले. "वाटेतच कुठेतरी अर्थ लागतोय." आणि ते त्या तारेवरून दोन बोटं फिरवत निघाले, वैद्य नाडी बघतो तसे. इंजिनाच्या मागच्या बाजूला, एका पत्र्याच्या कडेशी बोटं थांबली. तिथे तारेवरचं प्लॅस्टिक घासून घासून गेलं होतं आणि गव्हाच्या दाण्याएवढं तांबं चमकत होतं. खड्डा आला की ते पत्र्याला टेकायचं. टेकलं की सगळा करंट सेन्सरला बगल देऊन सरळ बॉडीत, आणि काटा वर. खंबाटकीत ते टेकलं होतं. मी झाडाखाली उभा असताना इंजिन गार होत आकसलं असेल, किंवा मी बॉनेट आदळलं असेल, आणि ते सुटलं होतं.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण या प्रकाराला तंतोतंत बसते. मिस्त्रींनी तारेवर नळी चढवली, टेप गुंडाळली आणि पत्र्यापासून लांब बांधली. मग एक छोटा बल्ब मध्ये घेऊन तार क्षणभर इंजिनाला टेकवली. काटा चढला. काढली, उतरला. मध्ये बल्ब कशाला, असं विचारलं, तर म्हणाले, "डायरेक्ट धरून ठेवली तर बिचारा मीटर जळतो. परीक्षा घ्यायची, पण झेपेल एवढीच."

बिलाचं विचारलं. "चहा सांगा," म्हणाले.

घरी आलो तेव्हा जुना सेन्सर माझ्या खिशात होता. गॅरेजवाल्या मुलाने तो मला परत दिला होता, निकामी म्हणून. पितळेचा, अंगठ्याच्या पेराएवढा. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्याची टोचणी मनाला लागून राहिली होती. त्या संध्याकाळी मी गॅसवर एक भांडं ठेवलं, त्यात पाणी, पाण्यात दोऱ्याने टांगलेला सेन्सर, शेजारी तापमापक आणि हातात मल्टिमीटर. बायकोने एकदा डोकावून पाहिलं. "भांडं कुठलं घेतलंयस?" एवढंच विचारलं आणि उत्तर ऐकून न बोलता गेली. ते दुधाचं होतं.

सेन्सरच्या पोटात एक छोटा खडा असतो, काही धातूंच्या ऑक्साइडचा. त्याचा स्वभाव तांब्याच्या उलट आहे. तांब्याची तार तापली की तिचा विजेला होणारा विरोध वाढतो. हा खडा तापला की त्याचा विरोध कमी होतो. मायकेल फॅरेडेने १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये ही उलटी चाल पहिल्यांदा पाहिली. मी त्याच्यानंतर दोनशेएक वर्षांनी कोथरूडच्या स्वयंपाकघरात ती पाहत होतो. ५० अंशांना आकडा दीडशे ओहमच्या आसपास. ८० अंशांना पन्नाशीत. पाणी खळखळून उकळू लागलं तेव्हा तिशीच्या आत. उतार अगदी सरळ रेषेत नव्हता, पण कुठे अडखळत नव्हता, मध्येच उडी मारत नव्हता. सेन्सर निर्दोष होता.

जास्त उष्णता म्हणजे लहान आकडा, याची मला गंमत वाटत होती. मग आठवलं की सेल्सियसनेही १७४२ साली आपली मोजपट्टी अशीच मांडली होती. उकळतं पाणी शून्य आणि गोठतं पाणी शंभर. ती नंतर उलटवली गेली. मोजणारा कुठल्या टोकाने मोजतो, हे आधी ठाऊक असावं लागतं. नाहीतर आकडा बरोबर असतो आणि अर्थ चुकतो.

माणसं बहुधा तांब्याच्या जातीची असतात. तापली की विरोध वाढतो. पण काही माणसं या खड्यासारखी असतात. दुखणं वाढेल तसा त्यांचा विरोध कमी होत जातो. औषध नको, डॉक्टर नको, येऊ नकोस असं म्हणणारी माणसं एक दिवस काहीच 'नको' म्हणेनाशी होतात, आणि आपल्याला वाटतं, बरं झालं, ऐकायला लागली.

गॅस बंद केला. भांड्यातलं पाणी गप्प होत गेलं, आणि वडिलांची एक गोष्ट आठवली.

मी नववी-दहावीत असेन. त्यांची आधीची गाडी होती. आम्ही कोल्हापूरला निघालो होतो. कऱ्हाडच्या अलीकडे काटा चढू लागला. वडिलांनी वेग कमी केला, कपाळावरचा घाम पुसला. दोनेक किलोमीटरनंतर काटा हळूहळू खाली यायला लागला. "बघ," ते म्हणाले, "वाऱ्याने गार झाली." त्यांच्या चेहऱ्यावरची ती सुटका मला अजून दिसते. पुढच्या वळणावर इंजिनातून खडखड आली आणि गाडी जागच्या जागी जाम झाली.

खालचा होज फुटला होता. पाणी वाटेतच सांडून गेलं होतं. सेन्सर पाण्यात बुडलेला असतो तोवरच तो पाण्याची गोष्ट सांगतो. पाणी त्याच्या खाली गेलं की तो नुसत्या हवेत लोंबतो. हवा पाण्याइतकी झटकन उष्णता त्याच्यापर्यंत पोचवत नाही, आणि काटा उतरतो. इंजिन सर्वात जास्त जळत असतं नेमकं त्याच वेळी. झाकणावर बसून वाफ मोजणाऱ्या त्या जुन्या मोटोमीटरला निदान पाणी आटल्यावरही काहीतरी म्हणता येत होतं. आमचा काटा मात्र गार आहे म्हणून सांगत राहिला. हेड उतरवून फेस मारावं लागलं, गॅस्केट बदललं, वडिलांचा त्या महिन्याचा पगार त्यात गेला. खोट्या भीतीने माझी चाळीस मिनिटं गेली होती. खोट्या धीराने त्यांचं इंजिन गेलं.

आणि मग, दुधाच्या त्या भांड्यासमोर उभा असताना, धुळीची गादी आणि काकूंचं वाक्य एकत्र आलं.

आईचे गुडघे दुखायचे. दोन वर्षांपूर्वी फोनवर रोज तेच. जिना चढवत नाही, घाटाच्या पायऱ्या उतरवत नाहीत, कृष्णेचं पाणी किती आहे ते आता काठावरूनच बघायचं. मग गेल्या दिवाळीपासून गुडघ्यांचं नाव निघेनासं झालं. मी सुटकेचा श्वास टाकला होता. तेल लागू पडलं असेल, असं बायकोला म्हणालोही होतो. आई माडीवर जात नव्हती, म्हणून जिना दुखत नव्हता. ती गणपतीला जात नव्हती, म्हणून रस्ता दुखत नव्हता. घर हळूहळू एका खोलीपुरतं झालं होतं आणि त्या खोलीत दुखायला काही उरलं नव्हतं. काटा खाली आला होता, आणि मी वाऱ्याने गार झाली म्हणत होतो.

यात आईचा दोष नाही. पुढे आलेल्या बऱ्याच गाड्यांत हा काटा मुद्दामच असा बनवला गेला. पाणी पंच्याहत्तरला असो की शंभरीच्या पुढे, तो मध्यावरच राहतो. घाटात जरा चढला, उतारावर जरा उतरला की लोक घाबरून गॅरेजात येतात, म्हणून त्याचं हलणंच बंद केलं. तो सरकतो तो अगदी शेवटी, आणि तेव्हा एकदम. आणखी पुढच्या अनेक गाड्यांत तर काटाच गेला. गार असताना निळा दिवा, तापली की लाल, मध्ये काहीच नाही. हे सगळं चालकाला चिंता नको म्हणून. आईही तेच करत होती. पोराने शंभर किलोमीटरवरून काळजी करून उपयोग काय, म्हणून तिने स्वतःचा काटा मध्यावर बांधून ठेवला होता. जुन्या गाडीचा काटा मात्र चढणीवर चढतो, सावलीत उतरतो आणि कधीमधी तार घासली तर उगाच बोंबही मारतो. त्याची मला आता चीड येत नाही.

मी काही आईला तुझा सेन्सर तपासू का म्हणून विचारू शकत नव्हतो. 'खरं सांग, कशी आहेस' असं दोनदा विचारून पाहिलं. दोन्हीदा उत्तर आलं, "खरंच बरी आहे." प्रश्न काट्याला विचारला की उत्तर काट्याचंच येतं. मिस्त्री काट्याकडे पाठ करून पंख्याची वाट बघत उभे होते, ते आठवलं. तेव्हापासून फोनवर मी कशी आहेस हे विचारत नाही. आज भाजी कुणी आणली, माडीवरच्या खिडक्या पावसाआधी लावल्या का, एकादशीला देवळात कोण कोण भेटलं, असं विचारतो. होज पाइप चाचपतो, म्हणा ना. काकूंनाही अधूनमधून फोन करतो. दोघींचं आपसात बोलणं आहे, पण इतकंही नाही.

परवा फोन केला तेव्हा आईनेच आधी विचारलं, "गाडी कशी आहे रे?"

'बरी आहे' हे शब्द ओठांवर आले होते. कुठे सांगत बसायचं तिला, तिला काय कळणार, शिवाय उगाच काळजी. म्हणजे मीही तेच करत होतो. मी थांबलो आणि सांगायला लागलो. तार कशी घासली होती, मिस्त्री कसे बोटं फिरवत गेले, सेन्सर दुधाच्या भांड्यात कसा उकळला. रेडिएटर खालून थोडा पाझरतोय, आठवड्याला कपभर पाणी कमी होतं, आणि तो बदलायचं मी टाळतोय, हेही सांगितलं. घाटात मला भीती वाटली होती हेसुद्धा.

ती ऐकत होती. मध्ये "दुधाचं भांडं?" एवढंच म्हणाली. मग दोघंही गप्प झालो. मला बंबाची ती शेवटची शांतता आठवली आणि मी जवळ गेलो नाही, वाट पाहिली.

"काल रात्री दोनदा उठले," ती म्हणाली. "डावा गुडघा. जिन्याशी जाऊन परत आले."